एक घाव, दोन तुकडे

आमच्या केनवडात पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग करनारा वसंता हाय. माह्या शेजारीच राह्यते. एक दिवस मी मिक्सर दुरुस्तीले नेला तं हा स्वताच्या कपायले टेस्टर लावून बसेल.

"काय करून राह्यला रे?"

"काकू, डोक्यात झन्‌कन करंट मारून राह्यला. चेक करतो."

"मंग, लाइट लागला का?"

"नाई ना! मंजे फॉल्ट अंदरचा हाय."

हसू नका. वसंताले सारी दुनिया मोटारच दिसते. जावई रुसला तं म्हने बुश घासला. सरपंच भाषनात अडकला तं म्हने कपॅसिटर गेला.

दुसरी त्याची खोड मंजे, काईबी सोडाचं तं एका झटक्यात. 'एक घाव, दोन तुकडे!' तंबाखू सोडला तं भरेल पुडी नालीत. चहा सोडला तं गायनीसुद्दा मले देऊन टाकली. भावासंग भांडन झालं तं मधातला दरवाजा इटा लावून बुजवला. मंग ध्यानात आलं का आपली सायकल तिकडंच राह्यली.

मांगच्या साली त्याची बायको कुसुम गेली. वसंतानं दुकानाचं शटर पाडलं ते पाडलंच. खाये ना, बोले ना. पोरगी अनसिंगले देल्ली हाय, थे आली अन् त्याले वाशीमले मनाच्या डॉक्टरीनबाईकडं घेऊन गेली. तिनं गोयी चालू केली.

माहा मालक गेला तवा मी तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी निंदाले गेल्ती. आमच्या वक्ती दुखावर गोयी नोती, खुरपं व्हतं. पन गोयीनं वसंताचं शटर उघडलं, हे म्या माह्या डोयानं पाह्यलं. खोटं कायले बोलू?

म्हनून टेस्टर पाह्यला तसं म्या इचारलं, "गोयी घेतली का?"

"सोडली. एक घाव..."

"डॉक्टरीनबाईनं सोड म्हटलं?"

"तिले काय इचाराचं? चांगला झालो ना!"

चांगला कायचा! उठला का चक्कर, गिऱ्हाइकावर खेकसनं. लोकायच्या मोटारी दुरुस्त होऊन उलट्या फिरू लागल्या. अन् एक दिवस पायतो तं शटर अर्धं खाली. हे शटर म्या आदी पाह्यलं व्हतं. म्या त्याचा हात धरला अन् वाशीमच्या बशीत बसवला.

डॉक्टरीनबाईनं इचारलं, "गोळी का बंद केली, वसंतराव?"

वसंता पंख्याकडं पाहे. मंग हयूच म्हने, "कुसुमचं वर्षश्राद्ध व्हतं बाई. गोयीनं मले रडूच येत नोतं. पावने सारे रडतीन अन् मी कोरडा... कुसुम काय म्हनन?"

बाई हसली नाई. म्हने, "रडू येत नाही, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. गोळी बदलता येते, कमी करता येते. एकदम तोडली म्हणून हे झटके."

म्या म्हटलं, "वसंता, वासराचं दूध का एका दिवसात तोडतेत? हयूहयू तोडतेत."

बाईनं गोयी परत चालू केली. करंट बंद झाला, मोटारी सुलट्या फिरू लागल्या. पुढं लय दिवसानं बाई म्हने, "आता अर्धी घ्या. ही गोळी तोडता येते, सगळ्या येत नाहीत. अन् पुढचं मी सांगेन तेव्हाच."

वसंताचे डोये चमकले. "मंजे बाई, एक घाव, दोन तुकडेच ना?"

तवापासून रोज सकायी तो माह्या ओट्यावर येते. दुकानात पकडी हायेत, कटर हायेत, पन गोयी तोडाले त्याले माहा अडकित्ताच पायजे. "काकू, याच्यासारखी धार कशालेच नाई."

अडकित्ता बोथट हाय. त्यानं सुपारीबी फुटत नाई. मी फकत इचारतो, "घेतली का रे?"

"घेतली."

मंग उरलेला अर्धा तुकडा कागदात गुंडायते अन् माह्याच डब्यात ठेवून जाते. म्हने, "ठेवा तुमच्याजवय. उद्या येतोच."