उलट्या रांगेचं सूप

माणसं गोळा करणं हा माझ्या हातचा मळ आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून तर माझा आवाज पलीकडच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखतात. त्यामुळे चर्चचा कार्यक्रम बंद पडणार म्हणून आत्या कपाळाला हात लावून बसली, तेव्हा मी म्हटलं, "हॉल मी भरून देते. तू फक्त सूप कर."

आत्या आमच्या चर्चची पाळक आहे. गावभर तिला पाळकबाई म्हणतात. तिचं म्हणणं असं, की देवावर श्रद्धा आहे म्हणता आणि शेजारचा उपाशी दिसत नाही, तर आधी डोळे तपासून घ्या. म्हणून दर महिन्याला चर्चच्या हॉलमध्ये 'श्रद्धा आणि न्याय' असा कार्यक्रम असतो. कुणीतरी बोलायला येतं, कुठल्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म नसलेला माणूस येऊन ऐकतो, भांडतो, आणि शेवटी सगळे मिळून सूप पितात. निदान ठरलंय तरी तसं. गेल्या महिन्यात वक्ता धरून जेवढी माणसं होती, तेवढी आमच्या घरी सकाळी बाथरूमच्या दाराशी असतात.

यावर डोळा ठेवून होते कुलूपकाका. हे चर्चचे खजिनदार. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते येताहेत हे प्रार्थनेत डोळे मिटलेले असले तरी कळतं. त्यांनी आत्याला सरळ सांगितलं होतं, "बाई, या वेळी मी कुलूप लावायला येईन तेव्हा हॉल भरलेला दिसला तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून हॉल गादीवाल्याला देऊ. त्याला गाद्या ठेवायला जागा हवीय. गाद्या निदान वेळेवर येतात."

"माणसांच्या न्यायाच्या जागी गाद्या?" आत्या म्हणाली.

"गाद्या प्रश्न विचारत नाहीत," कुलूपकाका म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय तोफखाना, तू भरणार म्हणे हॉल?"

"उभं राहायला जागा मिळणार नाही तुम्हाला."

आता माझी योजना. आमच्या चर्चमध्ये एक जुनी पद्धत आहे. सूप वाढताना रांगेच्या शेपटाकडून सुरुवात करायची. जो सगळ्यात मागे राहिला, त्याला सगळ्यात आधी. दहा-बारा टाळक्यांत हे छान चालतं. शेवटचा माणूस लाजत पुढे येतो, सगळे कौतुकाने बघतात, आत्याचे डोळे पाणावतात. मी यात दोनच सुधारणा केल्या. एक, सूप भाषणाच्या आधी, चर्चच्या पुढच्या दाराशीच. म्हणजे वासाने लोक येतील. दोन, ही पद्धत खेळाच्या बाईंकडून आणलेल्या भोंग्यावरून रस्ताभर आधीच जाहीर करायची.

"ऐका हो ऐका! गरम सूप, सोबत ब्रेड! आणि जो रांगेत सगळ्यात मागे, त्याला सगळ्यात आधी!"

लोक आले. खरंच आले. दाराशी रांग लागली, मी शेपटाकडे गेले, तिथे उभ्या असलेल्या शिंप्याला हाताला धरून वाजतगाजत पुढे आणलं आणि त्याच्या हातात वाडगा दिला. शिंप्याने सगळ्यांसमोर फुर्र करून घोट घेतला आणि डोळे मिटले. इथपर्यंत माझी योजना घड्याळासारखी चालली.

मग रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचार केला. शिकलेली बाई. "म्हणजे मला सगळ्यात शेवटी?" असं पुटपुटत त्या तडक निघाल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागच्या आजोबांच्या लक्षात आलं, की आता पुढचे आपण. तेही निघाले. मग त्यांच्या मागची. मी दुसरा वाडगा भरून शेपटाशी पोचले तर तिथे जुंपलेली.

"शेवटचा मी आहे."

"अहो, मी आत्ता आलो."

"मी तुमच्यापेक्षा उशिरा आलोय!"

"काकू, तुम्ही तर मघाशी माझ्या पुढे होतात."

"होते. सोडली ती जागा. त्या जागेत काय ठेवलंय?"

भांडण मिटेपर्यंत आणखी चारजण मागे येऊन उभे राहिले. मी वाडगा घेऊन त्यांच्याकडे धावले. तोवर त्यांच्याही मागे कुणी. शेपटापर्यंत पोचायचं तरी कसं, ते शेपूटच पळत होतं. सूप माझ्या मनगटावर सांडलं, ब्रेडचा बोळा झाला, आणि रांग पुढून विरघळत आणि मागून वाढत चर्चपासून दूर चालली. औषधांचं दुकान गेलं. केशकर्तनालय गेलं. तिथून एकजण अर्धी दाढी करून, गळ्यात कापड तसंच ठेवून रांगेत आला. "कशाची आहे?" त्याने विचारलं. "माहीत नाही, पण पुढे जाऊ नका," असं त्याला सांगण्यात आलं.

पुढे बसचा थांबा. बसची रांग आमच्यात कधी मिसळली कुणालाच कळलं नाही. बस आली, चालकाने दार उघडलं.

"चढा ना."

"आधी मागच्यांना घ्या," पहिला म्हणाला.

"मागचे म्हणतात त्यांच्या मागच्यांना घ्या," वाहक खाली उतरून विचारून आला.

चालकाने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मग बस रिकामीच गेली. वाहक मात्र रांगेत राहिला.

आता हवालदारबाई आल्या. "कुणाचा मोर्चा आहे हा?"

"चर्चचा," कुणीतरी म्हणालं. "न्यायासाठी."

"कशाबद्दल न्याय?"

"सूप."

"पुढारी कोण? सगळ्यात पुढे कोण आहे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "पुढे कुणीच नाही बाई," आजोबा शांतपणे म्हणाले. "आम्ही सगळे मागेच आहोत."

मी भोंगा पाठीमागे लपवला आणि हॉलकडे पळाले. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या, आत्या, आणि आजच्या वक्त्या, निवृत्त न्यायाधीशबाई. त्यांचा विषय होता 'शेवटच्या माणसापर्यंत न्याय'. दोघी थंड चहा पीत बसल्या होत्या. आणि लांबून किल्ल्यांचा आवाज येत होता.

"आत्या, लोक आलेत."

"कुठे?"

"बसच्या थांब्याच्या पुढे. आणि लांब चाललेत."

आत्याने ऐकून घेतलं. रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, "गादीवाल्याला बरं झालं." एवढं बोलून ती खुर्च्या आवरायला लागली. मी भोंगा काखेत मारून एक खुर्ची उचलली. ढाल मिळालेल्या हातांनी.

इतक्यात मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात काहीतरी पडलं.

आमचं चर्च चौकाच्या कोपऱ्यावर आहे. पुढचं दार हमरस्त्याला, स्वयंपाकघराचं दार मागच्या गल्लीत. रांगेने काय केलं होतं, तर शेपूट मागे मागे नेत अख्ख्या आळीला वळसा घातला होता, आणि मागच्या गल्लीत आता भिंत लागल्यावर शेपटाने उघडं दार बघितलं होतं. स्वयंपाकघरातून दातांच्या डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या, एक एक पाऊल मागे टाकत हॉलमध्ये आल्या. त्यांच्यावर नजर ठेवत वाहक. मग अर्धी दाढी. मग आजोबा, काकू, शिंपी (हा दुसऱ्या वाडग्यासाठी), औषधवाला, आणि चौकशी अजून संपली नव्हती म्हणून हवालदारबाई. सगळे उलटे चालत आत. खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या. कुणीही वक्त्यांकडे तोंड केलेलं नव्हतं, सगळे दाराकडे बघत होते, अजून कोण मागे घुसायला येतंय ते.

पण मागे आता भिंत होती. म्हणजे वांधा तोच. पुढच्या दारातून आत ओढून आणलेलं टोपभर सूप आणि प्यायला कुणी नाही.

"या रांगेला पुढचं टोक नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कुणीतरी पुढे उभं राहिल्याशिवाय हे सुटणार नाही."

औषधवाल्याने बुटाची लेस बांधायला घेतली. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा माझ्या काखेतल्या भोंग्याकडे वळल्या.

मी गेले आणि टोपाच्या समोर, सगळ्यात पुढे उभी राहिले. मग आजोबा हसले आणि माझ्या मागे आले. "पोरगी उभी राहते तर मला काय धाड भरलीय?" मग काकू आल्या. रांग लागली. सरळ, माणसांसारखी.

नेमके तेव्हा कुलूपकाका स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरले. सवयीने त्यांनी मागे दार लावलं, किल्ली फिरवली, वळले, आणि त्यांना पुढे सरकायला वीतभरही जागा नव्हती.

"काका," मी टोपाजवळून ओरडले, "सगळ्यात मागे कोण आहे?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांनीच लावलेलं कुलूप होतं.

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवत त्यांना पुढे आणलं. पहिला वाडगा त्यांचा. न्यायाधीशबाईंनी त्याच वेळी भाषण केलं, उभ्याउभ्याच. "जन्मभर कोर्टात पुढे घुसणारी माणसं पाहिली. आज कुणालाच पुढे जायचं नव्हतं. कारण चुकीचं होतं, पण बघायला बरं वाटलं." हवालदारबाईंनी यावर एक प्रश्न विचारला, वाहकाने त्यांचं म्हणणं खोडून काढलं, आणि सूप पिता पिता असा काही वाद रंगला की आत्याचे डोळे पाणावले.

कुलूपकाकांनी वाडगा पुसून घेतला. "बाई, गादीवाल्याला मी नाही म्हणून सांगतो."

"खरंच?"

"हॉल भरलाय, शब्द म्हणजे शब्द. मीठ मात्र कमी होतं."

वाढणं शेपटाकडून पुढे सरकत सरकत अखेर माझ्यापर्यंत आलं. आत्याने टोप तिरका केला, पळीने तळ खरवडला, आणि माझ्याकडे बघितलं.

घरी पोचले तर आई म्हणाली, "आलीस? आम्ही जेवून घेतलं, म्हटलं तू तिथे सूप पिऊन येशील. कसा झाला कार्यक्रम?"

"न्याय झाला," मी म्हटलं. "थोडा भात उरलाय का?"