शेवंताबाईंची शून्य वर्षं

साहेब, तुम्ही शेवंताबाईंची चौदा वर्षं गिळलीत! वाइंडिंग खात्यात उभ्यानं काढलेली, कापसाच्या धुरळ्यासकट! आणि वर साधा ठसकासुद्धा लागला नाही तुम्हाला. तुमचं नाव नि हुद्दा सगळ्या गिरणगावाला पाठ आहे. मी लिहीत नाही, कारण संपादक घाबरतात. मी नाही!

तुम्ही म्हणाल, चूक रघूची, म्हणजे माझी. अर्धी माझी, कबूल. वाचकहो, आता तुम्हीच ऐका आणि निवाडा करा.

संपात नोकरी गेली तेव्हा मी साचेखात्यात, मागावर होतो. शिक्षण सातवी नापास. पण कॉम्प्युटर शिकलो तो स्वतःच्या हिमतीवर. पुतण्याचं जुनं मशीन आणि माझं डोकं, दोन्ही चटकन तापायची, पण चालायची! म्हणून संपाला तीस वर्षं उलटल्यावर, गिरणी कामगारांच्या घरांसाठी यादी करायची वेळ आली तेव्हा भोईवाड्यातल्या आमच्या समितीनं ते काम माझ्या गळ्यात घातलं. नावं तीनशे बारा. घरवाटप कचेरीतल्या ह्याच साहेबांचा हुकूम असा, की ‘गिरणीतली सेवा, वर्षे’ हा रकाना निव्वळ आकड्यांत हवा. एक अक्षर दिसलं तर अख्खी यादी परत!

मी फॉर्म जसेच्या तसे टाइप केले. रकाना कसला, मिसळीचं ताट! कुणी ‘16’, कुणी ‘16 वर्षे फक्त’, बुधाजीनं ‘1968 ते 82’. भिवानं लिहिलं होतं, ‘9, पण मन अजून तिथंच’.

समितीचे सेक्रेटरी वसंतराव गिरगावातले, पोस्टातून रिटायर झालेले. ते म्हणाले, “रघू, एकेक ओळ हातानं दुरुस्त करू या. मी वाचतो, तुम्ही टाइप करा.”

“हातानं करायला हे काय धुणं आहे, वसंतराव? सूत्र घालतो, सूत्र!”

आणि घातलं! नुसता आकडा असेल तर तसाच ठेव. सोबत मजकूर असेल तर मजकूर फेक, आकडे वेचून एकापुढे एक लाव. एकही आकडा सापडला नाही तर शून्य मांड. पहिल्या पाच नावांवर चालवून पाहिलं. भिवाचं मन गळालं, नऊ उरले! मग तेच सूत्र खालपर्यंत ओढलं. तीनशे बारा ओळी सव्वीस जानेवारीच्या कवायतीसारख्या ताठ उभ्या! वसंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मी यादी न वाचता पाठवून दिली. मशीननं केलंय ते वाचायचं कशाला?

दीड महिन्यानं पत्र आलं. एक्केचाळीस अर्ज नामंजूर. कारण : सेवा शून्य. वरून पहिलंच नाव शेवंताबाई.

बाई दोन जिने चढून आल्या, त्या दम न घेताच सुरू झाल्या.

“रघू, मेल्या! शून्य वर्षं मी गिरणीत होते, तर मग तिथं बॉबिनी कोण भरत होतं? माझं भूत?”

हसण्यासारखं नव्हतं. बाई भाच्याच्या खोलीबाहेर गॅलरीत झोपतात. भाच्याच्या मुलाचं लग्न ठरलंय, ‘आत्या, तुझं काय ते बघ’ असं सांगून झालंय. ह्या यादीपलीकडे बाईंना बघायला दुसरं काही नव्हतं.

मी त्यांचा फॉर्म काढला. सुवाच्य, गोल अक्षरात लिहिलेलं : ‘चौदा’.

“अहो बाई, आकड्यात का नाही लिहिलंत?”

“आकड्यात? तूच बोंबलत होतास ना तेव्हा गिरणीच्या गेटावर? हजेरीतल्या एकाचा नऊ करतात, नवाचा एक करतात, म्हणून जे काय लिहाल ते अक्षरात लिहा, अक्षराला कुणी शेपूट लावू शकत नाही! आम्ही ऐकलं ना तुझं!”

खरंच, मीच बोंबललो होतो. ज्या एक्केचाळीस जणांनी माझं ऐकलं ते सगळे शून्य! ज्यांनी कानाडोळा केला ते पास! आणि बुधाजी? सूत्रानं त्याचे आकडे वेचले, जोडले, आणि त्याची सेवा भरली एक लाख शहाण्णव हजार आठशे ब्याऐंशी वर्षं. मंजूर!

“रघू, म्हणजे मी रामाच्या आधी कामाला लागलो रे!” बुधाजी म्हणाला. “एकच घर देतायत? बोल ना जरा!”

एक्केचाळिसावं नाव वसंतरावांनी हळूच बोटानं दाखवलं. माझंच! मीही फॉर्मात ‘अकरा’ असंच लिहिलेलं. वसंतराव हसले नाहीत. चष्मा मात्र बराच वेळ पुसत बसले.

पण मी हटणाऱ्यातला नाही. नवीन अटी घालायला बसलो. ‘चौदा’ असेल तर चौदा. ‘चवदा’ असेल तरी चौदा. एकानं ‘दीड डझन’ लिहिलेलं, त्याला वेगळी अट! वसंतराव वाचत गेले, मी ओळ न् ओळ तपासत गेलो. तीन दिवसांत यादी चोख झाली. चौथ्या दिवशी शेवंताबाईंना घेऊन तुमच्या टेबलासमोर उभा राहिलो. आठवतंय ना, साहेब?

“तुमच्याच यादीत शून्य होतं,” तुम्ही म्हणालात.

“आणि बुधाजीची दोन लाख वर्षं तुम्ही पास केलीत!”

“किमान एक वर्ष हवं, असा नियम आहे. कमाल मर्यादा नाही.”

शेवंताबाईंनी तर्जनी तुमच्या नाकासमोर धरली. सुतानं पडलेली चीर अजून आहे तिथं.

“ही शून्य वर्षांत पडते काय रे बाबा?”

तुम्ही बोट पाहिलंत. नीट पाहिलंत, हे मी कबूल करतो. आणि म्हणालात, “बोट अर्जाला जोडता येत नाही.”

मग दुरुस्तीचा छापील अर्ज पुढं सरकवलात. त्यावर लिहिलेलं : ‘सेवा वर्षे केवळ अक्षरी लिहावीत. आकड्यातील अर्ज बाद समजावेत.’ बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं!

तो अर्ज देऊन चार महिने झाले. माझं सूत्र चुकलं, ते मी तीन दिवसांत सुधारलं. माझ्या अकरा वर्षांचं मागाहून बघू, ती काही पळत नाहीत. पण येत्या वीस तारखेला नवी सून घरात येतेय, आणि बाईंची ट्रंक आजच गॅलरीतून जिन्यात आलीय. ती ट्रंक उचलून आम्ही कुठल्या दारात ठेवायची? साहेब, उत्तर द्या!