धोंडीबाचा पिंड

कुणी गेल्याची बातमी भोरच्या बाजारपेठेत आली, की लोक "अरेरे" म्हणत. नरहर मास्तरही म्हणत. फक्त त्यांचं "अरेरे" पुरतं संपायच्या आत पुढचा प्रश्न बाहेर पडलेला असे, "दहावा कधी?"

हा प्रश्न ते मला विचारत, कारण माझं दुकानच तसलं. बारशापासून दहाव्यापर्यंतचं सगळं सामान माझ्याकडे मिळे. प्रत्येक कार्याची यादी मी पुठ्ठ्यावर लिहून खिळ्याला अडकवून ठेवलेली. दुःखात माणसाला काय आणायचं ते आठवत नाही, म्हणून गिऱ्हाईक आलं की मी तोंड बघून यादी काढत असे. त्यामुळे गावात कुणाचा दहावा कधी, हे नदीवरच्या बाबूभटजींच्या खालोखाल मला ठाऊक.

मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, वाळके, काखेत छत्री, गळ्यात एक जुनी दुर्बीण. कुणी काहीही सांगितलं की म्हणत, "असेल हो. पण पडताळा?" पाऊस येणार म्हटलं तरी पडताळा. आमटी खारट झाली म्हटलं तरी पडताळा, आणि मग स्वतः चमचाभर घेऊन, "आहे खरी."

संस्थानच्या कचेरीतली काही मंडळी तेव्हा संध्याकाळी प्लँचेट करत. मास्तरांना त्यांनी हौसेनं बोलावलं आणि हायस्कूलच्या दिवंगत हेडमास्तरांचा आत्मा आणला. मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कुठं ठेवलीत?" वाटी इकडेतिकडे फिरली आणि उत्तर आलं, "मी सुखात आहे." मास्तर उठले. "सगळे सुखात आहेत," मला म्हणाले, "किल्ली एकालाही माहीत नाही." पुढे कपाट फोडावं लागलं.

त्यांचा खरा विषय होता कावळा.

दहाव्याला नीरेकाठी भाताचा पिंड ठेवतात, आणि कावळा शिवला की मेलेल्या माणसाची कुठली इच्छा राहिली नाही असं समजतात. नाही शिवला, तर नातेवाईक हात जोडून वचनं देतात. तरीही नाही आला, तर शेवटी दर्भाचा कावळा करून तोच टेकवतात आणि सगळे मान खाली घालून घरी जातात. हे मी सांगायला नको. पण मास्तरांच्या बायकोच्या, यमुनावहिनींच्या दहाव्याला तसंच झालं होतं, हे सांगायला हवं.

मी त्या दिवशी घाटावर होतो. पलीकडच्या जांभळीवर कावळे बसले होते, पण एकही उतरेना. वहिनींची जाऊ म्हणाली, "पाटल्या सुनेला देतो म्हणा." मास्तर म्हणाले. कुणी म्हणालं, "पुतण्याचं शिक्षण करतो म्हणा." तेही म्हणाले. "काशीला जाऊन येतो म्हणा." म्हणाले. उन्हं चढली तशी बाबूभटजींनी दर्भ हातात घेतला. परत येताना मागून कोणीतरी हळू म्हणालं, "बाईंच्या मनात काहीतरी राहिलं."

ते वाक्य मास्तरांनी ऐकलं, आणि संशोधन सुरू झालं. त्यांनी मला ते अगदी वर्गात मांडावं तसं मांडून दाखवलं. "गोपाळराव, कावळा जर नुसताच कावळा असेल, तर तिचं काही राहिलं नव्हतं. विषय मिटला. आणि कावळ्याला जर कळत असेल, तर तिचं काय राहिलं ते मला शोधलं पाहिजे. पण आधी कावळा कोण ते ठरलं पाहिजे."

मी त्यांना गूळ बांधून दिला. दुसरं काय करणार?

पद्धत अशी. कुणाच्याही दहाव्याला जायचं, आणि घरच्यांच्या पिंडापासून थोड्या अंतरावर त्याच तांदळाचा, तसाच, आपला एक पिंड ठेवायचा. तुलनेसाठी. मग मागे सरून दुर्बीण लावायची.

पहिली हरकत बाबूभटजींनी घेतली. "मास्तर, पिंड म्हटला की नाव पाहिजे. हा बेवारशी ठेवलात तर कोण कुठला येऊन बसेल, तो निस्तरायचा कुणी?"

मास्तरांना मुद्दा पटला. त्यांनी विचार करून असा माणूस निवडला, जो कधी झालाच नाही. जो झालाच नाही त्याची इच्छा कुठून राहणार? त्याचं नाव ठेवलं धोंडीबा. गाव शिवरे. शिवऱ्यात ओळखीचं कुणी नाही, म्हणून शिवरे.

आधी मात्र त्यांना जिवंत माणसाचाही पिंड पडताळायचा होता. "तुमच्या नावाचा ठेवू का एक?" असं त्यांनी मला दुकानात, गिऱ्हाइकासमोर विचारलं. माझी बायको आतून म्हणाली, "त्यांना म्हणावं, आधी स्वतःच्या नावाचा ठेवा."

मास्तरांनी खरंच ठेवला. दोन दिवसांनी येऊन सांगितलं, "कावळ्यानं घेतला. म्हणजे एक तर कावळ्याला काही कळत नाही, नाही तर मी मेलोय. दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्यात."

धोंडीबाची मात्र घोडदौड सुरू झाली. त्याचा पिंड ठेवला रे ठेवला की कावळा हजर. कारण उघड होतं आणि ते मी मास्तरांना सांगितलंही. घरच्यांच्या पिंडाभोवती पन्नास माणसं, रडारड, छत्र्या. धोंडीबा बिचारा एकटा धोंड्यावर. कावळ्यानं कुठं जावं? मास्तर म्हणाले, "असेल. पण पडताळा?" आणि पुढच्या दहाव्याला लोकांना लांब उभे राहा म्हणून सांगायला गेले. मयताच्या मेव्हण्यानं त्यांनाच लांब उभं केलं.

एके दिवशी शिवऱ्याचे तिघे शेतकरी दुकानात आले. रागानं लाल. त्यातला वडीलधारा म्हणाला, "शेट, त्ये मास्तर कुठं असत्यात?"

मास्तर तिथंच सुपारी निवडत बसले होते.

"तुमी आमच्या धोंडीबाचा पिंड ठेवताय व्हय? आमच्या गावात तीन धोंडीबा हायती. तिघं बी जित्ते. म्या त्यातला येक!"

"तुमच्यातला नाही हो," मास्तर म्हणाले. "हा वेगळा. हा झालाच नाही."

"झाला न्हाई, मंग मेला कसा?"

शास्त्राच्या इतक्या वर्षांत असा प्रश्न कुठल्याही पोरानं विचारला नसावा. शेवटी मीच तिघांना चहा पाजला आणि धोंडीबाचं गाव बदललं. हा धोंडीबा शिवऱ्याचा नव्हे, सारोळ्याचा, असं ठरलं. सारोळ्याहून अजून कुणी आलेलं नव्हतं.

पण गोष्ट फुटायची ती फुटली, आणि भलत्याच दिशेनं. कावळा धोंडीबाच्या मागून येतो, हे घाटावर सगळ्यांनी बघितलेलं. एकदा उतरला की शेजारच्याही पिंडाला चोच लावून जाई. मग काय, लोक आपणहून मास्तरांच्या दारात यायला लागले. "मास्तर, उद्या आईचा दहावा हाय. तुमचा धोंडीबा घिऊन या. लई गुनाचा हाय." एका बाईनं तर मला विचारलं, "तो धोंडीबा कुन्या जन्मीचा साधू हुता म्हनं?"

मास्तर हबकले. श्रद्धा तपासायला गेलेला माणूस एक नवा देव करून बसला होता. ते समजावत, चिडत, "अहो, तो तुलनेसाठी आहे!" लोक हात जोडत. "व्हय, व्हय, तुलनेसाठी तर तुलनेसाठी. पर आना." मास्तर येत नाहीत असं दिसलं तर लोक स्वतःच एक जादा पिंड ठेवू लागले. मी व्यवहारी माणूस. दहाव्याच्या पुठ्ठ्यावर, तीळ आणि जवाच्या पिठाच्या खाली, एक ओळ वाढवली: धोंडीबाचे तांदूळ, मूठभर. मास्तरांनी ती वाचली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हिर्डोशीच्या मारुतीची गोष्ट याच दिवसांतली.

मारुतीच्या बायकोला, येसूला, आजारपणात भोरला भावाकडे आणलं होतं. इथंच ती गेली, म्हणून दहावा इथं. चाळिशीचा राकट गडी, पण मुंडासं हातात घेऊन पिंडासमोर असा उभा होता, जसं गुरुजींसमोर पाठांतर विसरलेलं पोर. मी सामान पोचवायला गेलो होतो. मास्तर बाजूला दुर्बीण लावून. धोंडीबा धोंड्यावर.

कावळा आला आणि सरळ धोंडीबावर बसला. शेजारी बघेना.

मारुती म्हणाला, "येसे, तुझ्या भावासंगं भांडनार न्हाई." कावळा धोंडीबाचा भात टिपतोय. "येसे, दारू सोडली. आजपासनं सोडली." मागून मेव्हणा म्हणाला, "तिला खरं वाटंल असं कायतरी बोला की दाजी!" दोघंतिघं तेवढ्यातही हसले. मारुती हसला नाही. बाबूभटजींनी दर्भाकडे हात नेला.

"थांबा वो भटजी. येकदाच." त्यानं डोळे पुसले. "येसे, भाटघरचं धरण बघायचं म्हनली हुतीस. पानी सोडत्यात त्ये. म्या म्हनलं, पानी काय बगायचं, पानी आपल्या हितं बी हाय. ऱ्हायलं बग त्ये. आता तुझ्या वाटचं म्या जाऊन बगतो. पोरीला बी नेतो."

मी मास्तरांकडे बघितलं, कारण त्यांची दुर्बीण खाली आली होती. ते एकदम चालायला लागले. लांब टांगा टाकत धोंड्यापाशी गेले, छत्रीनं कावळ्याला हाकललं, धोंडीबाचा पिंड उचलला आणि सरळ नीरेत फेकून दिला. कावळा ओरडत वर गेला, एक गिरकी घेतली, आणि पोट अर्धवट राहिलेलं म्हणा, दुसरं काही म्हणा, येसूच्या पिंडावर उतरला.

"शिवला! शिवला!" घाटभर एकच गलका. मारुती मोठ्यानं रडायला लागला.

आम्ही दोघे पेठेकडे चालत निघालो. मला राहवेना. "मास्तर, आजचा प्रयोग बाद."

"बाद."

"तुम्ही हाकललात म्हणून तो तिकडे गेला."

"तेच कारण. दुसरं नाही."

"मग मारुतीला सांगायचं का?"

"कशाला?" मास्तर माझ्यावरच खेकसले. "त्यानं पडताळा मागितलाय का?"

दुकानात आल्यावर ते आपल्या नेहमीच्या पोत्यावर बसले. सुपारी घेतली नाही.

"मी दरवर्षी पोरांना भाटघरला न्यायचो," ते म्हणाले. "बांधकाम चालू होतं तेव्हापासून. पाण्याचा दाब समजावून द्यायला त्यासारखी जागा नाही. सगळ्यांच्या दशम्या हीच करून द्यायची. पहाटे उठून. फडक्यात बांधून दारापर्यंत आणून द्यायची."

मी वजनं पुसत होतो. पुसतच राहिलो.

"एकदा तिनं विचारलं होतं, पाणी सोडतात तेव्हा आवाज केवढा होतो हो? मी तिला दाबाचं गणित सांगितलं."

"आणि आवाज?"

"तो नाही सांगितला."

"त्यांना बघायचं होतं, असं म्हणाल्या होत्या का?"

"नाही. म्हणून तर पडताळा नाही." मग स्वतःशीच, "म्हटलं असतं तरी मी नेलं नसतं. पोरांत बायको कुठं न्यायची, म्हणालो असतो."

त्यानंतर मास्तर घाटावर गेले नाहीत. धोंडीबाचं काही अडलं नाही. तो आता गावाचा झाला होता, आणि माझ्या यादीतली ओळही मी खोडली नाही.

धरण भरून पाणी सोडल्याची बातमी पेठेत आली, तशी सकाळीच मास्तर दुकानात आले. मूठभर तांदूळ मागितले. मी सवयीनं दोन मुठी बांधायला लागलो, एक तुलनेची. त्यांनी दुसरी मूठ परत पोत्यात टाकली आणि घरी भात रांधून टांग्यानं भाटघरला गेले.

परतले ते दिवस कलताना. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे. पोत्यावर बसले. मी पाणी दिलं आणि विचारलं, "कावळा आला?"

"बघितलं नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "दुर्बीण न्यायची राहिली का?"

"गळ्यातच होती."

"मग?"

"भात ठेवला आणि पाठ करून उभा राहिलो. पाण्याकडे तोंड करून." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसायला गेले, तो सोगाही ओलाच. तसाच हातात धरून बसले.

"आवाज फार मोठा होतो हो, गोपाळराव," मास्तर म्हणाले. "शेजारच्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही."