चक्की थांबली की समजावं

आमच्या गल्लीतली पिठाची चक्की भर दुपारी मधेच थांबली, की नवीन माणूस पंख्याकडे बघतो. त्याला वाटतं, लाईट गेली. आम्ही जुने लोक जागचे हलत नाही. लाईट गेलेली नसते. चक्कीवाले शेषरावभाऊ फोनवर पोस्ट टाकत असतात.

त्याचं असं आहे, की भाऊंना फोनवर टाइप करणं जमत नाही. बोटांना कायम पीठ, त्यात फोन पिठापासून वाचावा म्हणून पॉलिथिनच्या पिशवीत बांधलेला. तेव्हा भाऊ बोलतात आणि फोन लिहून घेतो. पण चक्कीच्या आवाजात फोनला काही ऐकू येत नाही. म्हणून आधी चक्की बंद करायची, फोन तोंडाशी धरायचा आणि बोलायचं. उभा जन्म चक्कीच्या वरताण ओरडण्यात गेलेला, त्यामुळे चक्की थांबली तरी भाऊंचा आवाज खाली येत नाही. "हिरव्या झाकणाचा डबा झाला! घेऊन जा! पीठ गरम हाय, झाकण लगेच लावू नका!" हे आधी सगळ्या गल्लीला ऐकू येतं आणि मग फोनवर उमटतं. शेजारच्या वहिनी डबा घेऊन घरी पोचतात, तेव्हा कुठे त्यांचा फोन वाजतो.

या प्रकाराला मी जबाबदार आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. मी राळेगावच्या एका कचेरीत कारकून आहे आणि माझं घर चक्कीच्या समोर. भाऊ मला 'बाबू' म्हणतात. मधल्या काळात घरोघर त्या लहान घरघंट्या आल्या, दुकानात पाकिटातलं पीठ आलं, आणि भाऊंच्या ओट्यावरची डब्यांची लाईन आखडत गेली. मला शहाणपणा सुचला. म्हटलं, "भाऊ, आता धंदा फोनवर चालतो. गिऱ्हाइकाशी बोलत राहायला पाहिजे."

"ग्रुपात का?" भाऊ म्हणाले. "तिथं सकाळपासून लोकं फुलं टाकून राह्यले. त्यात माया आटा कोण पाह्यते?"

मग मी त्यांना एक दुसरं ॲप दाखवलं. दोन-चार ओळी लिहायच्या आणि चावडीवर बोलल्यासारख्या मोकळ्या सोडायच्या. भाऊंनी बारीक चौकशी केली.

"इथं कोणाले जोडा नाही लागत ना?"

"नाही."

"म्हणजे ज्याले वाचाचं, थो आपल्या मनानं वाचते?"

"हो."

"आन कोण वाचून राह्यलं, थे आपल्याले समजत नाही?"

"तसं नाही समजत."

हे ऐकून भाऊ एकदम खूश झाले. आपलं गिऱ्हाईक कोण हे समजणार नाही, याचा धंदेवाल्याला आनंद का व्हावा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. कारकुनाच्या डोक्यात ज्या वेगाने गोष्टी येतात, त्याच वेगाने ती पुढे आली.

पोस्टी सुरू झाल्या. "आता ज्वारी चालू हाय. गहूवाल्यानं दम धरावा." "उद्या एकादशी. दगड झाडून पुसून ठेवला. भगर, शिंगाडा आधी दळून भेटन." "दोन वाजता लाईट जाणार हाय. गाडीनं येणाऱ्यानं आधीची गाडी पकडावी." ही शेवटची फारच उपयोगी पडली. खेड्यावरच्या बाया डबा घेऊन यायच्या आणि लाईट गेली म्हणून झाडाखाली बसून राहायच्या, ते थांबलं. लाईन पुन्हा ओट्याखाली उतरली.

लाईनीच्या बाबतीत भाऊ भलते कडक. 'लाईन म्हणजे लाईन' हे त्यांचं ब्रीदवाक्य. पुढाऱ्याचा डबा आला, लाईन. सासरच्यांचा आला, लाईन. एकदा त्यांच्या स्वतःच्या घरचं पीठ संपलं. बायकोने डबा पुढे सरकवला, तर भाऊंनी तो उचलून शेवटी ठेवला. त्या दिवशी घरी भात झाला. भाऊंनी तो निमूट खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पोस्ट टाकली, "लाईन म्हणजे लाईन. काल आम्ही भात खाल्ला."

गुरुजींचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गुरुजींच्या मुलीचं लग्न आतल्या आत ठरत होतं. कुठे बोलायचं नाही, असं दोन्हीकडून ठरलं होतं. गुरुजींनी डबा पाठवला. चक्की थांबली. "गुरुजी, तुमची चना डाळ झाली! दहा किलो! एवढे लाडू म्हणजे लग्नच दिसते! अभिनंदन!" संध्याकाळपर्यंत गुरुजींच्या दारात चपला मावेनात. गुरुजी लालबुंद होऊन चक्कीवर आले. भाऊ म्हणाले, "गुरुजी, लग्न तुम्ही लपवसान, पण बेसन कसं लपवता?" तेव्हापासून पोस्टीत नाव घ्यायचं नाही, फक्त झाकणाचा रंग सांगायचा, असा नियम झाला. गल्लीला सगळ्यांची झाकणं तोंडपाठ आहेत, हा भाग वेगळा.

पण झाकणांच्या या यादीत एक घर कधीच यायचं नाही. भाऊंच्या सख्ख्या मोठ्या भावाचं, देवरावदादांचं.

चक्की दोघा भावांनी मिळून टाकलेली. भाऊ दळायचे आणि देवरावदादा दगड सांभाळायचे. चक्कीचे दगड घासून गुळगुळीत होतात. मग वरचा दगड उतरवून छिन्नी-हातोडीने त्याच्या तोंडावर पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. याला टाकी लावणं म्हणतात. देवरावदादांच्या टाकीचं पीठ इतकं मऊ, की बोटात धरलं तर समजायचं नाही. पुढे दादा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले आणि त्यांच्या सुनेने घरघंटी घेतली. सुनेची हौस, दादांचा काय दोष? पण शेषरावभाऊंना ते लागलं. चक्कीवाल्याच्याच घरात घरघंटी! भाऊ भर बाजारात बोलले, दादाही बोलले, आणि तेव्हापासून अबोला. तीन दिवाळ्या झाल्या. भाऊबंद एकत्र जमले तरी हे दोघे एका पंगतीत बसायचे नाहीत.

दादा नाहीत म्हणून दुसरा एक माणूस टाकी लावून गेला आणि त्याने दगड बिघडवला. पीठ जाडं यायला लागलं. भाकरी थापताना चिरायची. बाया कुरकुरत होत्या, पण तोंडावर कोणी बोलत नव्हतं. आणि अशात एका सकाळी चक्की थांबली.

"पीठ जाडं येऊन राह्यलं! दगड बिघडला! चूक माई हाय!"

मी चहा तसाच टाकून धावलो. "भाऊ, अशी जाहिरात कोणी करतं का? आधी ती पोस्ट काढा."

"खरं हाय थे लिव्हलं."

"लोक घरघंटीकडे जातील ना!"

"जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आजबी पीठ जाडंच हाय! टाकी लावणारा हात पाह्यजे!" तिसऱ्या दिवशी, "पह्यले कसं मऊ येत होतं!" लाईन सरसर आटली. आठवड्याभरात ओट्यावर चार डबे उरले. भाऊंची बायको माझ्या घरी येऊन रडून गेली. म्हणाली, "चक्की बंद पडन असंच चाललं तर. तुमीच तो फोन शिकवला, आता तुमीच समजवा."

मी गेलो. सरळ सांगितलं, "भाऊ, देवरावदादांना बोलवा. एक फोन करा."

"मले त्याच्याशी बोलाचं नाही."

"मग हे रोज ओरडून काय चाललंय?"

भाऊंनी पिशवीतला फोन उलटासुलटा केला. पिठाने पांढऱ्या झालेल्या मिशा पुसल्या, त्या आणखी पांढऱ्या झाल्या. "थे कुठं बोलणं हाय, बाबू," ते अगदी हळू म्हणाले. "पोस्ट तं सगळ्याइसाठी असते."

इतक्या हळू बोललेले भाऊ मी पहिल्यांदाच ऐकले. मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं मी यांना धंदा शिकवल्याच्या तोऱ्यात मिरवत होतो आणि हा माणूस रोज चक्की थांबवून गावाच्या त्या टोकाला हाका मारत होता.

रविवारी सकाळी मी चक्कीवर बसलो होतो. लाईनीत चार डबे, त्यांतला एक गुरुजींचा, आणि गुरुजी स्वतः पेपर वाचत बसलेले. तेवढ्यात एक सायकल येऊन थांबली. देवरावदादा. हँडलला छिन्नी-हातोडीची पिशवी, मागे कॅरिअरला दोरीने बांधलेला एक डबा. ते कोणाकडे न बघता आत आले आणि मला म्हणाले, "बाबू, याले सांगा, पट्टा उतरव म्हणा."

भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "त्याले सांगा, उतरवतो."

दगड उतरला. दादा मांडी घालून बसले आणि टाकी चालू झाली, टक् टक् टक्. भाऊ तीन हातांवर भिंतीकडे तोंड करून उभे. मग भाऊंनी फोन तोंडाशी धरला आणि नेहमीसारखे ओरडले, "दगडाले टाकी लागून राह्यली! आतापासून पीठ मऊ!"

दादांच्या खिशात फोन वाजला.

दादांनी हातोडी ठेवली. जे आत्ताच कानाने ऐकलं होतं, ते चष्मा लावून सावकाश वाचलं. मग एका बोटाने काहीतरी लिहू लागले. एवढा वेळ लागला की गुरुजींचा पेपर वाचून संपला. शेवटी भाऊंच्या पिशवीत टुणकन आवाज झाला. भाऊंनी डोळे बारीक करून वाचलं आणि वाचून झाल्यावरही फोनकडे बघत राहिले. मी मान लांब करून पाहिलं. लिहिलं होतं, "घरच्या मशीनच्या पिठाची भाकर नाही होत. ज्वारी आणली. डबा लाईनीत शेवटी ठेवतो."

भाऊ वळले. तीन दिवाळ्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी दादांच्या तोंडाकडे बघितलं.

"शेवटी कायले ठेवतं, दादा?" भाऊ म्हणाले. "आण इकडं. तुया डबा पह्यला."

दादांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत बसले. मी गुरुजींकडे बघितलं, कारण पहिला डबा त्यांचा होता. गुरुजींनी उठून आपला डबा मागे सरकवला.

दगड चढला, पट्टा चढला. नव्या टाकीची कच जावी म्हणून आधी थोडं भरड काढून ढोरांसाठी बाजूला ठेवलं आणि मग दादांची ज्वारी पडली. त्या दिवशी चक्की संध्याकाळपर्यंत एकदाही थांबली नाही.