माशाची नजर

रविवारी सकाळी सात वाजता चित्रकाराने जेवणाच्या टेबलावरचं सगळं सामान उचलून खिडकीत नेऊन ठेवलं, टेबलाच्या मधोमध एक पसरट पांढरी थाळी मांडली, तीत लालसर पाठीचा मोठा मासा आडवा केला आणि घरच्यांना बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही. आज हा आपला पाहुणा आहे."

"पाहुणा आहे तर उपाशी कोण राहणार?" सासूबाईंनी विचारलं. "तो की आम्ही?"

चित्र काढताना चित्रकार क्षुद्र प्रश्नांना उत्तरं देत नसे, आणि घरच्यांचे सगळेच प्रश्न त्याला क्षुद्र वाटत.

गेली अकरा वर्षं तो 'रोजचे आनंद' नावाची जलरंगांची मालिका रंगवत होता. चहाची वाफ, दोरीवरचे ओले कपडे, कापलेलं कलिंगड, दारातल्या चपला. प्रत्येक चित्राखाली बारीक सुबक अक्षरात एक चिंतनही लिहिलेलं असे. 'आनंद शोधायला लांब जावं लागत नाही, तो आपल्या स्वयंपाकघरातच असतो,' हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं, म्हणजे चित्रकाराला स्वतःला सर्वांत आवडलेलं. त्या स्वयंपाकघरातल्या माणसांचं मत कुणी विचारलं नव्हतं. चहाच्या वाफेसाठी बायकोने एका दुपारी सतरा कप चहा केला होता आणि त्यातला घोटभरसुद्धा कुणाच्या घशाखाली उतरला नव्हता. कलिंगड तीन दिवस सगळ्यांनी नुसतं पाहिलं आणि चौथ्या दिवशी नाक दाबून टाकून दिलं. ओल्या कपड्यांच्या वेळी तर बायको दोन दिवस त्याच त्या साडीत कामावर गेली, कारण दुसरी दोरीवर 'पोझ' देत होती. पण ती काही बोलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती कधीच काही बोलली नव्हती, आणि नवऱ्याची अशी प्रामाणिक समजूत होती की तिला बोलण्यासारखं काही नसावं.

आजचा मासा मात्र साधासुधा नव्हता. गावातल्या एकुलत्या एक गॅलरीने चित्रकाराचा अर्ज चार वेळा परत पाठवला होता. पाचव्या वेळी गॅलरीवाल्या बाईंचा स्वतःचाच फोन आला.

"फुलं नकोत, चहा नको, चपला तर अजिबात नकोत," बाई म्हणाल्या होत्या. "मला एक मासा रंगवून दाखवा. रविवारी चार वाजता मी घरी येते. मासा जिवंत वाटला तर पुढचा हॉल तुमचा. नाही वाटला तर कृपा करून सहावा अर्ज करू नका."

अकरा वर्षांची तपश्चर्या एका माशावर येऊन ठेपली होती.

चित्रकाराची दोन तत्त्वं होती. पहिलं, फोटोवरून किंवा आठवणीतून काहीही काढायचं नाही, वस्तू समोरच हवी. दुसरं, डोळा शेवटी. अंग, पर, शेपटी सगळं झालं की मग डोळा, आणि डोळ्यात प्रकाशाचा एक ठिपका. तोवर त्या जागी कागद कोरा सोडायचा.

"डोळा आधी उरकून घ्या हो," सासूबाई म्हणाल्या. "मासा पहिला डोळ्यात शिळा होतो. पन्नास वर्षं मासे घेतेय मी."

"आई, घेणं वेगळं आणि बघणं वेगळं."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं आणि पेपर उघडला.

जलरंगाची एक गंमत असते. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. त्या दिवशी हवा इतकी दमट होती की कागद वाळायचं नाव घेईना. मासा मात्र भराभर वाळायला लागला. चित्रकाराने पंखा लावला, तर माशाचा पर पापडासारखा वर वळला. पंखा बंद करून त्याने माशावर पाण्याचा फवारा मारला, तर दोन थेंब कागदावर उडाले आणि रंगवलेल्या पाठीवर फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा डाग फुलला. नवा कागद घेतला. मग बायकोला केस वाळवायचं यंत्र आणायला सांगितलं. ती कागदावर गरम हवा सोडत उभी राहिली आणि तो माशावर छत्री धरून उभा राहिला. जेवणाच्या टेबलाशी नवरा-बायको बराच वेळ तसेच उभे होते.

"हात भरून आला हो," बायको म्हणाली.

"थोडं सोस. कलेसाठी."

"तुमची छत्री हलकी आहे," ती म्हणाली आणि यंत्र दुसऱ्या हातात घेतलं.

रंगाच्या दोन हातांच्या मध्ये मासा फ्रिजमध्ये ठेवायचा, अशी युक्ती दहा वाजता सुचली. मासा गार राहिला यात शंका नाही. पण शेजारी दुधाचं भांडं उघडं होतं. अकरा वाजता सासूबाईंनी चहाचा पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि कप तसाच मोरीत नेऊन ओतला.

"जावईबापू, चहा माशासारखा लागतोय."

"आई, आज चार वाजेपर्यंत चहाचा विषय काढू नका."

"आणि जेवणाचा?"

"तोही नको. टेबल लागतंय मला."

दीड वाजता अंग पूर्ण झालं, आणि खोटं कशाला बोला, झालं होतं सुरेख. खवल्यांवर ओलसर चमक होती, पोटाकडे मोत्यासारखा पांढरा उजळत गेला होता. फक्त डोळ्याच्या जागी एक कोरा गोल उरला होता. चित्रकाराने सर्वांत बारीक कुंचला उचलला, फ्रिजमधून मासा काढला आणि वाकून पाहिलं. डोळ्यावर दुधासारखं पांढुरकं आलं होतं.

"झालं!" सासूबाई मागून म्हणाल्या. "मोतीबिंदू झाला त्याला. मला तरी सत्तरीत झाला होता." त्यांचं स्वतःचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वीच झालं होतं, तेव्हा त्या अधिकाराने बोलत होत्या.

चित्रकाराला रडू कोसळायचंच बाकी होतं. तरी त्याने पायांत चपला सरकवल्या आणि बायकोला म्हणाला, "त्या माशात आता काही राम राहिला नाही. मी दुसरा आणतो."

बाजारात कोळीण ओटा धुऊन निघायच्या तयारीत होती. तिच्या टोपलीत एकच मासा उरला होता. चित्रकार गुडघे टेकून त्याच्या डोळ्यात पाहू लागला. एक मिनिट झालं, दोन झाली.

"ओ साहेब," ती म्हणाली, "घ्यायचाय की त्याची माफी मागायचीय?"

"याचा डोळा लाल आहे."

"सकाळपासून गिऱ्हाइकं बघतोय तो. माझेही लालच आहेत."

चित्रकार पुढच्या दोन बाजारांतही जाऊन आला. रविवारी दुपारी ताजा डोळा मागणाऱ्या माणसाकडे लोक कसं बघतात, हे त्याने तिथे पाहिलं. सव्वातीनला तो हात हलवत घरी परतला, आणि जिन्यातच त्याला तळणीचा वास आला.

टेबलाची एक कड मोकळी करून सासूबाई जेवायला बसल्या होत्या. ताटात कुरकुरीत तळलेल्या चार तुकड्या होत्या. पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नाही, चहा गेलेला, आणि जावयाने स्वतःच्या तोंडाने त्या माशात राम नाही म्हणून सांगितलेलं. मासा वाया घालवण्याचे संस्कार त्यांच्यावर नव्हते. त्यांनी पहिला घास उचलला होता.

"आई!" चित्रकार किंचाळला. "तुम्ही माझं मॉडेल तळलंत?"

"मग काय उकडायचं होतं?"

"अकरा वर्षं! अकरा वर्षं मी या घराला आनंद म्हणजे काय ते शिकवतोय. पण तुम्हाला जिभेच्या पलीकडे काही दिसतं का? कळतं का काही? खा! खा माझं प्रदर्शन!"

सासूबाईंनी तोंडापाशी आणलेला घास खाली ठेवला. मान सावकाश वर केली. आणि जावयाकडे पाहिलं.

ती नजर शब्दांत सांगणं कठीण आहे. त्या नजरेत नासलेला चहा होता, कलिंगड होतं, 'घेणं वेगळं आणि बघणं वेगळं' होतं, आणि लेक द्यायच्या आधी आपण चौकशी का केली नाही, हा जुना पश्चात्तापही होता. डोळा गोल, ताठ, पाणीदार. नुकताच ऑपरेशन होऊन आलेला, चकचकीत. बाहुलीवर खिडकीतल्या उजेडाचा नेमका एक ठिपका पडला होता.

"आई," चित्रकार कुजबुजला, "हलू नका."

"काय?"

"अशाच बघत राहा. पापणी लववू नका. तुमच्या पाया पडतो."

त्या हलल्या नाहीत, कारण रागाने त्यांना हलताच येत नव्हतं. चित्रकाराने वीस मिनिटांत डोळा उतरवला. आकार माशाचा ठेवला, नजर सासूबाईंची. चारला पाच मिनिटं कमी असताना दारावरची घंटा वाजली.

गॅलरीवाल्या बाई आत आल्या, चष्मा चढवला आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग एक पाऊल मागे सरकल्या.

"हा माझ्याकडे बघतोय."

"हो," चित्रकार म्हणाला.

"नुसता बघत नाही हो. माझं आजवर कुठे कुठे चुकलंय, ते याला सगळं माहीत आहे." बाईंनी पदर सारखा केला. "कुठे मिळाली तुम्हाला ही नजर?"

"निरीक्षण," चित्रकार विनयाने म्हणाला. "रोजच्या आयुष्यातलं."

"नजर माझी आहे," सासूबाई ताटावरून म्हणाल्या.

बाईंनी वळून पाहिलं. एकदा माशाकडे, एकदा सासूबाईंकडे. मग त्यांनी चक्क हात जोडले. "काय डोळे आहेत तुमचे! उभ्या आयुष्यात असे पाहिले नाहीत."

सासूबाई लाजल्या. सत्तर वर्षांत त्यांच्या डोळ्यांना डॉक्टरांशिवाय कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बाईंना आग्रह करून दोन तुकड्या वाढल्या, आणि बाईंनी त्या उभ्याउभ्याच चाटून पुसून खाल्ल्या. जाताना त्या चित्रकाराला म्हणाल्या, "हॉल तुमचा. दोन महिन्यांनी. पण वीस मासे हवेत, आणि प्रत्येकाची नजर अशीच. चहाच्या वाफा घरीच राहू द्या."

त्या रात्री चित्रकाराला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

सोमवारी सकाळी सासूबाई वेणीफणी करून, नवं पातळ नेसून खुर्चीत येऊन बसल्या आणि जावयाकडे पाहून गोड हसल्या.

"आई, जरा रागवा."

"तुमच्यावर? तुमच्यामुळे या वयात माझे डोळे प्रदर्शनात लागणार. सोन्यासारखे जावई मिळालेत मला!"

चित्रकाराने हरतऱ्हेचे उपाय केले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, तर "उद्या घालते हं," असं उत्तर आलं. टीव्हीचा आवाज खुपतो म्हणाला, तर त्यांनी टीव्हीच बंद केला आणि भिंतीकडे आनंदाने पाहत बसल्या. शेवटी त्याने मुद्दाम दुधाशेजारी मासा ठेवला. सासूबाईंनी तो चहा घोटाघोटाने प्यायला आणि म्हणाल्या, "कलावंताचं घर आहे, चालायचंच." ज्या नजरेपासून तो बावीस वर्षं तोंड चुकवत होता, ती ऐन गरजेच्या वेळी घरातून पार नाहीशी झाली होती. घरात सुख नांदू लागलं होतं आणि त्या सुखाने प्रदर्शनाचा गळा धरला होता.

पंधरा दिवसांत पाच मासे झाले. ते पाहून बाईंचा फोन आला.

"हे काय पाठवलंय? पाचवा मासा तर मला आशीर्वाद देतोय! मला पहिल्यासारखा मासा हवा. शनिवारपर्यंत एक तरी. नाहीतर हॉल दुसऱ्याला देते."

शुक्रवारी संध्याकाळी चित्रकार अगदी टेकीला आला. समोर नवा मासा होता, कोरा कागद होता आणि खुर्चीत प्रेमाने ओथंबलेल्या सासूबाई होत्या.

"आई, एक सांगू का?" तो म्हणाला. "त्या बाईंनी तुमच्या डोळ्यांचं कौतुक केलं ना, ते तुमच्या वयाकडे बघून. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून. बाकी त्या डोळ्यांत काही नाही."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. चित्रकाराने घाईघाईने कुंचला उचलला. पण राग आलाच नाही. डोळे काठोकाठ भरले.

"असेल हो," त्या हळूच म्हणाल्या. चष्मा लावला आणि उठून आतल्या खोलीत गेल्या.

चित्रकाराला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. 'आपण हे काय बोललो,' असं मनात म्हणत त्याने मान वर केली, तर स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने हातातली पळी बाजूला ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

सासूबाईंची नजर त्यापुढे पोरखेळ होता. उठावं, आत जावं, सासूबाईंचे पाय धरावेत, हे चित्रकारालाही कळत होतं. पण हात ऐकेना. त्याने कुंचला पाण्यात बुडवलाही होता.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"आधी आईची माफी मागून या," बायको म्हणाली. पापणीसुद्धा न लववता. "मी इथेच आहे. नजर कुठे जात नाही."

तो गेला, माफी मागून आला. ती खरोखरच तशीच उभी होती.

"किती मासे राहिलेत अजून?" तिने विचारलं.

"एकोणीस," तो चाचरत म्हणाला.

बायकोने खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर बसली.

"काढा," ती म्हणाली. "पुरून उरेन."