एका पायावरचा ब्लॉग

दिवेकरकाका ब्लॉग एका पायावर उभे राहून ऐकतात. डावा पाय जमिनीवर, उजवा वर, एक बोट काउंटरवर टेकलेलं. मी पोस्ट मोठ्याने वाचायची. ती संपण्याआधी उजवा पाय खाली आला, तर पोस्ट लांब झाली. यावर अपील नाही.

"वाचणारा माणूस बसस्टॉपवर उभा असतो," ते सांगतात. "त्याचं निम्मं लक्ष बसकडे. उरलेल्यात मावेल एवढंच लिहा."

कोथरूडला त्यांचं मच्छरदाण्यांचं आणि खिडक्यांच्या जाळ्यांचं दुकान आहे. दुकानाच्या वेबसाइटवर ब्लॉग आहे आणि त्यावर रोज सकाळी दहाच्या आत नवी पोस्ट पडते. लिहायची मी. टाकायची मात्र काकांनी. ते बटण त्यांनी मला आजवर दाबू दिलेलं नाही. मच्छरदाणीवर रोज काय लिहायचं, असं मी नोकरीला लागले तेव्हा विचारलं होतं. "डास रोज येतो. त्याला विषय सुचत नाही असं कधी झालंय का?" असं उत्तर मिळालं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आईबाबा दोघेही घरकामगारांच्या संघटनेत. आमच्याकडे पाहुणे पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसत. छापलेल्या शब्दाने माणूस जागा झाला पाहिजे, हे मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं. त्यामुळे माझी पहिली पोस्ट 'रक्त कोण पितं?' या सवालाने सुरू झाली आणि तुंबलेल्या गटारावरून थेट बिल्डरांपर्यंत गेली. दुसऱ्या परिच्छेदातच पाय खाली आला.

"अहो लेखिका, यात बिल्डर दिसले. डास कुठाय?"

"डास हे प्रतीक आहे, काका."

"प्रतीकाला आमची जाळी बसत नाही. माप घ्यायला कुठे जायचं?"

मी भांडले. शेवटी बिल्डर गेला, गटार राहिलं. 'सोसायटीमागचं गटार तुंबलंय? आधी तक्रार करा. तोवर जाळी लावा.' पाय वरच राहिला. सांगायला जिवावर येतं, पण पत्रक म्हणूनही ते बरं होतं.

पोस्टखाली रोज एकच प्रतिक्रिया येते, खडकीच्या गायकवाडबाईंची. तीही एका शब्दाची: 'मिळाली.' बाईंनी पूर्वी कधीतरी एक मच्छरदाणी नेली होती, तेवढीच ओळख. काका लगेच लिहितात, 'आभारी आहे', आणि मगच चहा सांगतात. 'मिळाली' यायला उशीर झाला, तर समोर गिऱ्हाईक असलं तरी त्यांचा डोळा फोनवर.

"एवढ्या खटपटीला वाचक एक," मी एकदा म्हटलं.

"पेपरवाले लाखांनी सांगतात. त्यातला एक तरी पोच देतो का?"

मध्यंतरी नागपूरला घरकामगारांचं अधिवेशन होतं आणि मी आठवडाभर जाणार होते. मी काकांना सोय दाखवली. सगळ्या पोस्ट आधीच लिहून ठेवायच्या, कॉम्प्युटर त्या रोज सकाळी आपोआप टाकेल.

"महिन्याच्याही टाकेल?"

"वर्षाच्याही टाकेल."

"मग नको."

"का पण?"

"शिळं होतं."

"मच्छरदाणी पिळू नका, हे शिळं कसं होईल?"

"नको म्हटलं ना. नाहीतर जाऊ नका."

यावर मी रजेच्या हक्कावर बोलले. चांगलं लांबलचक बोलले, आईचा आवाज लावून. काकांनी ते दोन्ही पायांवर उभं राहून ऐकलं. तेव्हा मला कळलं की गोष्ट रजेची नाही.

ते जाळीची गुंडाळी उगाचच सरळ करत राहिले. मग म्हणाले, "ही गेल्यापासून मी घरी एकटा. गायकवाडबाईही एकट्याच. फोनवर आमचं ठरलंय. दहापर्यंत पोस्ट आली नाही, तर त्या मला फोन करणार. मी उचलला नाही, तर आमच्या वॉचमनला वर पाठवणार. त्यांची 'मिळाली' आली नाही, तर मी रिक्षा करून खडकीला." गुंडाळी बाजूला ठेवून ते म्हणाले, "तुमचा कॉम्प्युटर मी गेल्यावरही वर्षभर डास मारत बसेल. बाईंना कळायचं कसं?"

मी आठवड्याच्या पोस्ट लिहून त्यांच्या फोनमध्ये ठेवल्या. आपोआप काही नाही. रोज बटण दाबायचं ते त्यांनीच.

नागपूरला पहिल्या सकाळी घोषणा सुरू झाल्या होत्या आणि मी मांडवाबाहेर फोन धरून उभी होते. दहा वाजायच्या आत पोस्ट पडली. खाली 'मिळाली' आलं, 'आभारी आहे' आलं. आत जाता जाता मी थांबले आणि त्याखाली लिहिलं, 'मिळाली.'

उत्तर लगेच आलं. 'आभारी आहे. लांब झाली होती. पाय खाली आला.'