झेंड्याच्या गाडीचे ब्रेक

शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची तर ब्रेक पॅड कुठले घ्यावेत, हे आमच्या रियेका शहरात कोणाला विचारायचं असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं, असं मी गेली तीन वर्षं सांगत आलो आहे. अजून कोणी आलेलं नाही, तो भाग वेगळा. माझं चष्म्याचं दुकान आहे. पण महिन्यातला एक रविवार मी ग्रोबनिकच्या ट्रॅकवर असतो. माझ्याकडे लाल रंगाची, दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार आहे. वय एकोणीस. बायको म्हणते, तुझंही तेवढंच.

गेल्या शरदात याच गाडीच्या साध्या पॅडनी मला दगा दिला. पाचव्या फेरीला चाकांतून धूर, जळका वास, आणि वळणावर ब्रेक दाबला तर गाडी थांबायचं नाव घेईना. सरळ खडीत जाऊन बसलो. माझ्या बाजूने एक दंतवैद्य आपल्या घरगुती गाडीतून हात हलवत पुढे गेला. त्या हातामुळे मी हिवाळाभर झोपलो नाही.

वेद्रान नावाचा माझा मेकॅनिक आहे. तो कमी बोलतो आणि बरोबर बोलतो, म्हणून मी त्याचं सहसा ऐकत नाही. त्याचं म्हणणं होतं, एक तर पॅडचे दोन जोड ठेव, रस्त्याचा वेगळा आणि ट्रॅकचा वेगळा, आणि दर खेपेला बदल. ते होणार नसेल तर मधल्या प्रकारचे घे, दोन्हीकडे चालतील असे. मी म्हटलं, मधलं काही मला चालत नाही. सीमेपलीकडे त्रिएस्तला जाऊन मी अस्सल शर्यतीचे पॅड घेऊन आलो. खोक्यावर छापलं होतं, दोनशे ते साडेसातशे अंश. मी साडेसातशेवर बोट ठेवून वेद्रानला खोका दाखवला. तो म्हणाला, "आणि दोनशे?" मी म्हटलं, त्याचं काय? दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावून मी पोट भरतो, आणि हे मी विचारलं!

आता लग्नाचं सांगतो. माझा पुतण्या तोंची. थोरला भाऊ लवकर गेला, तेव्हापासून पोर आमच्याच घरात वाढलं. मुलगी निकोलिना, आतल्या डोंगराळ मुलखातली, लाखात एक. तिचा बाप शिमुन मात्र कातळ. समुद्राकाठची माणसं वारा बघून शब्द फिरवतात, हे त्याचं ठाम मत, आणि ते त्याने आमच्याच टेबलावर, आमचंच हॅम खात सांगितलं होतं. लग्नात कुठे जरा जरी फसवाफसवी दिसली तर मुलीला गाडीत घालून परत नेईन, असंही म्हणाला. तोंचीने त्या रात्री मला बाजूला घेतलं. "काका, बाबा नाहीत. तू आहेस म्हणून मला धीर आहे," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

लग्न मार्चमधल्या शनिवारी, आणि रविवारी सकाळी आठला ट्रॅक. लग्नाची वाइन पिऊन पहाटे पॅड कोण बदलणार? म्हणून मी शुक्रवारीच गॅरेजमध्ये एकट्याने बदलून टाकले. नवे पॅड चकतीवर रुळवावे लागतात, दहा-बारा वेळा जोरात ब्रेक मारून. ते ट्रॅकवरच करू म्हटलं. जुने पॅड आणि नव्यांचा खोका कचऱ्यात. माझी बायको डोलोरेस कचरा टाकायला गेली आणि रिकामा खोका हातात घेऊन परत आली. तिने काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही की मला जास्त भीती वाटते.

शिमुनच्या मुलखात वरातीची रीत कडक. सर्वांत पुढे झेंड्याची गाडी. तिच्यापुढे कोणी जायचं नाही, आणि झेंडा जाईल तिथे बाकीच्यांनी जायचं. झेंडा वाटेत थांबला किंवा खाली टेकला तर मोठा अपशकुन. झेंड्याची गाडी म्हणून माझी लाल गाडी ठरली, झेंडा धरायला वेद्रान. लग्न समुद्राकाठी, आमच्या मूळ गावी. मुलगी त्या गावाच्या वरच्या टोकाला मावशीकडे उतरली होती. तिथून चर्चपर्यंत एकच अरुंद रस्ता, सगळा उतार. चर्चच्या पुढे तोच रस्ता तसाच खाली जातो आणि बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर संपतो. त्यापुढे समुद्र. पाद्रीबाबांनी बजावलं होतं, अकरा म्हणजे अकरा, बाराला दुसरं लग्न आहे.

सकाळी रियेकाहून वर येताना सगळा चढ, ब्रेकचं काम पडलंच नाही. बोरा, म्हणजे आमच्याकडचा डोंगरावरून येणारा बोचरा वारा, असा सुटला होता की उघड्या गाडीत कान गळून पडतील. मी टप उघडाच ठेवला, झेंडा दिसायला हवा. शिमुनने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "व्याही, ही थांबते ना वेळेवर?" मी छाती काढून सांगितलं की साडेसातशे अंशांपर्यंत थांबते.

अकराला दहा कमी असताना वरात निघाली. मागे तेवीस गाड्या. पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला आणि चाकांमधून असा किंचाळण्याचा आवाज आला की अंगणातली कोंबडी कुंपणावरून पलीकडे गेली. वेग मात्र तेवढाच. मी आणखी दाबला. पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी साबणावर ठेवल्यासारखी पुढे.

वेद्रानने सावकाश मान वळवली.

"बसवलेस?"

"काल."

"रुळवलेस?"

"उद्या. ट्रॅकवर."

"व्येको, हे पॅड गार असताना, दोनशे अंशांच्या खाली, धरत नाहीत. आज बोरा आहे. हे बर्फासारखे असतील."

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन ओरडायला लागलं, थोडा वेग कमी झाला, पण चर्चआधीचा उतार सर्वांत तीव्र आहे. हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांनाही तसलेच पॅड, तो काय करणार? डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला चर्चचं पटांगण, आणि पटांगणात गर्दी. तिकडे वळवली असती तर पाहुण्यांतच घुसलो असतो. वेद्रानने मागच्यांना थांबवायला झेंडा दोन्ही हातांनी जोरजोरात हलवला. मागच्या तेवीसच्या तेवीस गाड्यांना तो आनंद वाटला. त्यांनी हॉर्न दाबले ते सोडलेच नाहीत.

चर्चच्या दाराशी तोंची उभा होता. काळा सूट, कॉलरला पांढरं फूल. शेजारी पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. आम्ही किंचाळत त्यांच्या पुढ्यातून गेलो. मी तोंचीकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. मग त्याच्या पुढून नवरी गेली. नवरीने डोक्यावरच्या जाळीत शिरलेल्या वाऱ्याशी भांडत त्याला हात केला. मग तिचा बाप गेला, माझी बायको गेली, अॅकॉर्डियनवाले गेले. सगळी वरात होणाऱ्या नवऱ्याला ओलांडून समुद्राकडे चालली होती.

दोन सीटांच्या मध्ये फोन वाजायला लागला. तोंची. उचलायला हात कुठला? मी त्या पोराचं लग्न मोडलं होतं, आणि तेही भावाच्या जागी उभं राहून. हे एकच डोक्यात फिरत होतं. आता शिमुन मुलीला घेऊन जाणार, आणि तोंची माझ्याशी जन्मभर बोलणार नाही.

"दाबून धर," वेद्रान म्हणाला. "सोडू नकोस. तापू दे."

मी उभा राहिल्यासारखा पेडलवर राहिलो. वळण, पुन्हा वळण. जळका वास यायला लागला. धक्का दिसला, फेरीबोटीचा उघडा जबडा दिसला, दोरी धरलेला खलाशी दिसला. तो खलाशी आधी हसला, मग बाजूला पळाला.

आणि पॅड तापले. तापले म्हणजे असे धरले की गाडी जागच्या जागी खिळली. वेद्रान पट्ट्यात अडकून वाचला, त्याची टोपी समुद्रात गेली. झेंडा मात्र त्याने सोडला नाही. समोर पाणी होतं, चार हातांवर.

मागे तेवीस गाड्या येऊन एकामागे एक थांबल्या. हॉर्न बंद झाले. शिमुन उतरला आणि माझ्याकडे चालत आला. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. तेवढ्यात वरच्या वळणावरून तोंची धावत आला, तोंड लाल, फूल कुठेतरी गळून पडलेलं. तो थेट निकोलिनापाशी गेला.

"मला वाटलं तू चाललीस."

"मी झेंड्यामागे आले," ती म्हणाली. "तुझ्या काकाला विचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाडीतून उतरलेल्या वेद्रानने तोंड उघडलं. डोलोरेसने टाचेचा बूट त्याच्या पायावर ठेवला आणि तिथेच ठेवला.

शिमुन समुद्राकडे बघत होता. मग त्याने टोपी काढली.

"व्याही," तो म्हणाला. "मुलीला आधी समुद्र दाखवायचा, मग देव. आणि मुलाने देवाच्या दारातून तिच्यासाठी धावत खाली यायचं. ही रीत तुम्ही मला सांगितली नव्हती. मी तुमच्याबद्दल काय काय बोललो."

त्याने मला गाडीतून ओढून काढलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. मी म्हटलं, आमच्याकडे हे आधी सांगत नाहीत.

धक्क्यावर गाड्या वळवायला जागा नव्हती. सगळे पायी वर गेले, पुढे झेंडा, मागे अॅकॉर्डियन. नवरा-नवरी हातात हात घालून चढली. पाद्रीबाबांनी अकरा चाळीसला उभं करून बाराच्या आत सगळं उरकलं. पहिल्या घासाला तोंची माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, ही रीत कुठली?" मी त्याला वाइन ओतली.

रविवारी ट्रॅकवर गेलो नाही. उजव्या पायाला गरम पाण्याचा शेक देत घरी बसलो. सोमवारी निमूटपणे वेद्रानकडे गेलो आणि मधले पॅड बसवून घेतले. डोलोरेसने तो रिकामा खोका दिवाणखान्यात फोटोंच्या शेजारी मांडला आहे.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण शिमुनला धाकटी मुलगी आहे. सप्टेंबरमध्ये तिचं लग्न. झेंड्याची गाडी माझीच, असं त्याने साऱ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं आहे, आणि झेंडा तो स्वतः धरणार आहे, माझ्या शेजारी बसून. रीत तशीच्या तशी व्हायला हवी, चर्चपाशी न थांबता थेट समुद्र. लग्न त्यांच्या गावी आहे. तिथून समुद्र एकेचाळीस किलोमीटर आहे, आणि नवऱ्या मुलाला आतापासून पळायचा सराव करायला सांगितलं आहे.

तेव्हा त्या दिवशी कुठले पॅड बसवावेत, हे कोणाला ठाऊक असेल तर त्याने कृपा करून माझ्या दुकानात यावं. चष्म्याची फ्रेम फुकट देईन.